विमान राहिलं, मजकूर गेला: एनोला गे प्रदर्शनाचं प्रकरण

पब्लिक हिस्टरी म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर म्युझियम, स्मारकं, हेरिटेज वॉक, डॉक्युमेंटरी असं काहीतरी येतं, म्हणजे अवघड इतिहास सोपा करून लोकांना सांगायचा एवढंच. ते आहेच, पण त्यात किती काय अडकलेलं असतं हे बघायचं असेल तर १९९४-९५ ला वॉशिंग्टनमध्ये एका विमानावरून जे महाभारत झालं ते नीट वाचावं. हे प्रकरण आजही शिकवलं जातं आणि बहुतेक वेळा 'इतिहासकार विरुद्ध माजी सैनिक' असं सांगून गुंडाळतात. मला ते अर्धवट वाटतं. भांडण दिसायला तथ्यांवर होतं, निकाल मात्र तक्रार कुठल्या दारातून आत आली यावर लागला, असं माझं मत आहे. दुसऱ्या देशांतली तशीच भांडणं शेजारी ठेवली की हे जास्त स्पष्ट दिसतं, म्हणून पुढे जर्मनी, कॅनडा आणि जपान पण येतील, पण मुख्य गोष्ट एकच.

आधी विमानाबद्दल. एनोला गे हे बी-२९ जातीचं बॉम्बर, पायलट कर्नल पॉल टिबेट्स, आणि विमानाला नाव त्याच्या आईचं. ६ ऑगस्ट १९४५ ला पॅसिफिकमधल्या तिनियन बेटावरून उडालं आणि सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकून परत आलं. त्या वर्षाअखेरपर्यंत मेलेल्यांचा हिरोशिमा शहराचा स्वतःचा अंदाज १,४०,००० च्या आसपास आहे. युद्धानंतर विमान स्मिथसोनियनच्या ताब्यात आलं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय म्युझियम चालवणाऱ्या संस्थेच्या, पण याचं करायचं काय हे बरीच वर्षं कुणी ठरवलंच नाही. १९५३ पासून ते अँड्रूज हवाई तळावर उघड्यावर पडून होतं, पक्ष्यांनी त्यात घरटी केली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आठवण म्हणून पार्ट काढून नेले, मग १९६० च्या सुमारास सुटं करून मेरिलँडमधल्या सूटलंडच्या गोदामात नेऊन टाकलं. इतकं महत्त्वाचं विमान आणि इतकी हेळसांड, आणि मला नाही वाटत हा नुसता आळस होता, कारण दाखवायचं म्हटलं की सोबत काय लिहायचं हा प्रश्न येतो आणि तो कोणालाच नको होता.

ज्यांना ते दाखवलं जावं असं वाटत होतं ते होते बॉम्ब टाकणाऱ्या त्या विमानाच्याच तुकडीचे जुने सैनिक. त्यांनी पाठपुरावा केला, पैसे गोळा केले, आणि डिसेंबर १९८४ मध्ये डागडुजी सुरू झाली. हे लक्षात ठेवायचं, कारण पुढे माजी सैनिकांना 'इतिहासात नाक खुपसणारे' म्हणणारे विसरतात की ते विमान गंजून गेलं नाही ते त्यांच्यामुळेच.

१९८७ मध्ये नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमचे संचालक म्हणून मार्टिन हार्विट आले. खगोलशास्त्रज्ञ माणूस, जन्म प्रागचा, युरोपातून अमेरिकेत आलेला, तरुणपणी अमेरिकन लष्करात असताना पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक आणि बिकिनी बेटांवर अण्वस्त्र चाचण्यांच्या कामावर होता. म्हणजे बॉम्ब काय करतो हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. युद्ध संपल्याला १९९५ मध्ये पन्नास वर्षं होणार, त्या निमित्ताने एनोला गे समोर आणायचं आणि नुसतं विमान न ठेवता बॉम्ब का टाकला, खाली काय झालं आणि नंतर जग कसं बदललं हे सगळं सांगायचं असा त्यांचा बेत.

इथे एक कागद फार बोलका आहे. जुलै १९९३ मध्ये म्युझियमचे क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन रचणारे, टॉम क्राउच यांनी हार्विटना मेमो लिहिला आणि सरळ विचारलं की आपल्याला माजी सैनिकांना बरं वाटेल असं प्रदर्शन करायचंय की लोकांना बॉम्बच्या परिणामांवर विचार करायला लावणारं करायचंय, आणि खरं सांगायचं तर दोन्ही एकत्र जमेल असं मला वाटत नाही. हा मेमो नंतर विरोधकांच्या हाती लागला आणि 'बघा, यांचा डाव आधीपासूनच होता' म्हणून फिरवला गेला. मला तर हा अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात प्रामाणिक कागद वाटतो. क्राउचने प्रश्न बरोबर ओळखला होता, फक्त त्याचं उत्तर संस्थेने कधी दिलंच नाही, दोन्ही जमेल असं धरून सगळे कामाला लागले.

जानेवारी १९९४ मध्ये पहिला मसुदा तयार झाला, म्हणजे प्रदर्शनातल्या सगळ्या पाट्या, फोटो आणि वस्तूंची पूर्ण संहिता, शेकडो पानांची. पाच भाग होते: युद्धाचा शेवटचा टप्पा, बॉम्ब टाकायचा निर्णय, बॉम्ब पोचवणारी तुकडी आणि विमान, मग हिरोशिमा-नागासाकीच्या जमिनीवर काय झालं, आणि शेवटी अण्वस्त्र स्पर्धा. चौथ्या भागाला क्युरेटरांनी प्रदर्शनाचा भावनिक गाभा मानलं होतं. जपानमधल्या म्युझियमकडून उसन्या आणायच्या वस्तू तिथे येणार होत्या, जळालेली घड्याळं, वितळून गेलेल्या पूजेच्या वस्तू, आणि शाळेतल्या एका मुलीचा जेवणाचा डबा, आतल्या भाताचा आणि वाटाण्यांचा कोळसा झालेला.

हा डबा पुढे अमेरिकेतल्या वादाचं चिन्हच होऊन बसला. विचार करा ना, एका हॉलमध्ये प्रचंड चकचकीत विमान, ज्याच्या पंखांचा पसारा ४३ मीटर (म्हणून ते अख्खं त्या इमारतीत मावतच नव्हतं, पुढचा भागच ठेवायचा होता), आणि पुढच्या खोलीत हातात मावेल एवढा डबा. एअर फोर्स असोसिएशन या हवाई दलाच्या पाठीराख्यांच्या संघटनेच्या मासिकाचे संपादक जॉन कोरेल यांना हे बरोबर कळलं. बघणारा माणूस दोनशे पाट्या वाचत नाही, त्याला डबा लक्षात राहतो, आणि डबा लक्षात राहिला की विमानात बसलेला माणूस गुन्हेगार दिसतो, हा त्यांच्या आक्षेपाचा मूळ गाभा. त्यांनी फोटो मोजले, किती जपानी जखमी दिसतात आणि किती अमेरिकन, आणि तो हिशेब छापला. मी त्यांच्या निष्कर्षाशी सहमत नाही पण प्रदर्शन कसं वाचलं जातं याची त्यांची समज क्युरेटरांपेक्षा पक्की होती असं म्हणायला मला काही अडचण नाही.

एप्रिल १९९४ मध्ये त्यांचा लेख आला आणि पहिल्या मसुद्यातली दोन वाक्यं सगळीकडे पोचली. त्यांचा आशय असा, की बहुतेक अमेरिकनांसाठी हे युद्ध जर्मनी-इटलीशी झालेल्या युद्धापेक्षा मुळातच वेगळं, सूडाचं युद्ध होतं, आणि बहुतेक जपान्यांसाठी ते पाश्चात्य साम्राज्यवादापासून आपली संस्कृती वाचवण्याचं युद्ध होतं. आता याच्या आधीच्याच ओळींमध्ये मांचुरियाचा घास, चीनवरचं आक्रमण, नानकिंगची कत्तल आणि जपानी सैन्याचं क्रौर्य हे सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण ते कोण सांगतंय! दोन वाक्यं कापून घेतली की वाटतं जपान बिचारा आणि अमेरिका सूडाने पेटलेली. वाक्यं पुढच्या मसुद्यांतून निघाली, तरी वर्तमानपत्रांत पुढचे कितीतरी महिने तीच छापली जात होती. पाटीवरचं वाक्य एकटंच वाचलं जाणार, त्याला मागचापुढचा आधार मिळणार नाही, हे धरूनच ते लिहावं लागतं आणि इथे ते झालं नाही, एवढा दोष क्युरेटरांच्या पदरात टाकायलाच हवा.

मग गाडी सुसाट सुटली. टिबेट्सनी सगळ्या बेताला अपमानांचं गाठोडं म्हटलं. सप्टेंबर १९९४ मध्ये सिनेटने एकमताने ठराव केला की मसुदा पुनर्लेखनवादी, म्हणजे इतिहास फिरवून लिहिणारा, आणि माजी सैनिकांना दुखावणारा आहे. तीसेक लाख सदस्यांची अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना वाटाघाटीला बसली आणि स्मिथसोनियनचे लोक त्यांच्यासोबत ओळीओळीने मजकूर तपासायला लागले. एकामागून एक असे मसुदे पाचपर्यंत गेले. जपानी आक्रमणाचा भाग वाढला, जखमींचे फोटो कमी झाले, अण्वस्त्र स्पर्धेचा भाग आकसला. नोव्हेंबरमध्ये उलट्या बाजूने इतिहासकार चिडले, की तुम्ही इतिहास धुऊन काढताय, कागदपत्रांत जे आहे ते पण राहिलं नाही. म्हणजे एका टेबलावर लीजन, दुसऱ्या टेबलावर इतिहासकार, आणि दोघांनाही वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं 'हो' सांगणारं म्युझियम.

शेवटी जो आकडा फुटला तो ६३,०००. हे जरा सावकाश सांगतो कारण आकड्यांची भांडणं अशीच होतात.

बॉम्ब टाकला नसता तर जपानवर थेट स्वारी करावी लागली असती आणि त्यात किती अमेरिकन गेले असते, हा सगळ्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न. १९४७ मध्ये माजी युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी लिहिलं की नुसत्या अमेरिकन सैन्याची हानी दहा लाखांवर गेली असती असं आपल्याला सांगण्यात आलं होतं. बॉम्बच्या वेळचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आठवणींत पाच लाख जीव म्हटलं. दोन पिढ्या हे आकडे ऐकत वाढल्या. आणि ज्यांना १९४५ च्या त्या स्वारीसाठी जहाजावर चढवलं जाणार होतं त्यांच्यासाठी तो नुसता आकडा नव्हता, त्या आकड्यात ते स्वतः होते, बॉम्ब पडला म्हणून मी घरी आलो, लग्न झालं, मुलं झाली, असा तो सरळ हिशेब. दुसरीकडे कागदपत्रं काय सांगतात? १८ जून १९४५ ला व्हाइट हाउसमध्ये बैठक झाली आणि राष्ट्राध्यक्षांचे लष्करी सल्लागार ॲडमिरल लेही यांच्या डायरीत त्या दिवशीची नोंद आहे की १,९०,००० सैनिकांपैकी ६३,००० पेक्षा जास्त हानी होणार नाही असं लष्करप्रमुख जनरल मार्शलचं मत. म्युझियमच्या सल्लागारांपैकी इतिहासकार बार्टन बर्नस्टीन यांनी हे दाखवून दिल्यावर हार्विटनी मजकुरातला दोन लाखांहून मोठा आकडा काढून ६३,००० घालायचं ठरवलं आणि जानेवारी १९९५ च्या सुरुवातीला तसं लीजनला पत्राने कळवलं.

आता बघा, ही हानी म्हणजे मेलेले, जखमी आणि बेपत्ता असे सगळे मिळून, आणि आकडा क्युशू बेटावरच्या पहिल्या टप्प्याचा, टोकियोच्या बाजूला नंतर उतरायचं होतं ते त्यात नाही असं विरोधक म्हणाले, आणि ते अगदीच चूक नव्हते. अंदाज वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे केले गेले होते, लष्करातच एकमत नव्हतं. खरं तर 'आकडे असे असे होते, म्हणून कुणीच ठामपणे सांगू शकत नाही' एवढी एक पाटी लिहिता आली असती. पण ज्याच्याशी महिनोन्महिने ओळीओळीने बोलणी करून समझोता केला त्याला शेवटच्या क्षणी पत्राने कळवायचं की तुमचा सगळ्यात जिव्हाळ्याचा आकडा आम्ही खाली आणतोय, त्यापुढे आकडा बरोबर का चूक याला काही अर्थच उरला नाही. लीजनने प्रदर्शनच रद्द करा अशी मागणी केली. जानेवारी अखेरीस ८१ खासदारांनी हार्विटना काढा म्हणून पत्र लिहिलं. ३० जानेवारी १९९५ ला स्मिथसोनियनचे प्रमुख मायकेल हेमन यांनी ठरलेलं प्रदर्शन रद्द केलं आणि सांगितलं की अणुबॉम्बची ऐतिहासिक चिकित्सा आणि युद्धसमाप्तीचा पन्नासावा स्मरणोत्सव एकत्र जोडणं ही आमची मूळ चूक, सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना गौरव अपेक्षित होता, विश्लेषण नको होतं. म्हणजे क्राउचच्या मेमोतलं उत्तर दीड वर्षाने आलं, ते पण उलट्या बाजूने. मे महिन्यात हार्विटनी राजीनामा दिला.

जून १९९५ मध्ये जे उघडलं त्यात विमानाचा पुढचा भाग, डागडुजी कशी केली त्याची माहिती, आणि क्रूच्या लोकांचं बोलणं असलेला व्हिडिओ. डबा नाही, जमिनीवरचं काही नाही. १९९८ पर्यंत ते चाललं आणि लाखो लोकांनी पाहिलं, तुफान गर्दी. जपानहून यायच्या वस्तूंपैकी काही त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्येच, अमेरिकन युनिव्हर्सिटीने भरवलेल्या छोट्या प्रदर्शनात हिरोशिमाच्या मदतीने लागल्या. तिकडे बॉम्बच्या ढगाचं चित्र असलेलं अमेरिकन टपाल तिकीट निघणार होतं ते जपानच्या निषेधामुळे डिसेंबर १९९४ मध्येच मागे घेतलं होतं, म्हणजे दबाव दोन्ही बाजूंनी लागू होत होता, फक्त कुठे कुणाचा चालतो एवढाच फरक.

दाराचा मुद्दा आता. स्मिथसोनियनला मोठा पैसा केंद्र सरकारकडून येतो आणि तिच्या नियामक मंडळावर उपराष्ट्राध्यक्ष, सरन्यायाधीश, तीन सिनेटर आणि तीन प्रतिनिधी बसतात. नोव्हेंबर १९९४ ला निवडणूक झाली, चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह रिपब्लिकन पक्षाकडे गेलं, नवे सभापती न्यूट गिंगरिच यांनी त्या मंडळावर सॅम जॉन्सन यांना नेमलं, ते स्वतः हवाई दलातले, व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेले. मसुदा तज्ज्ञांना दाखवला होता, एअर फोर्स असोसिएशनलाही आधीपासून कागद दिले जात होते, तेव्हा 'कुणाला विचारलंच नाही' हा आरोप खोटा आहे. पण विचारल्यावर आलेल्या मताचं काय करायचं, मतभेद झाला तर निवाडा कोण करणार, हे कुठेच ठरलं नव्हतं. मग तक्रारदाराने काय करायचं? तो वर्तमानपत्रात गेला, तिथून सिनेटमध्ये, आणि सिनेटकडे बजेटची चावी.

जर्मनीत बरोबर त्याच महिन्यांत, मार्च १९९५ मध्ये, हॅम्बुर्गमध्ये एक प्रदर्शन उघडलं. हॅम्बुर्ग इन्स्टिट्यूट फॉर सोशल रिसर्च या खाजगी संस्थेचं, पैसा यान फिलिप रेम्त्स्मा यांचा, विषय जर्मन सैन्याने १९४१ ते ४४ दरम्यान पूर्वेकडे केलेले गुन्हे. तोवर सर्वसाधारण समज असा की पापं हिटलरच्या खास एसएस दलाची, साधा शिपाई बिचारा निष्पाप. इथे त्या साध्या शिपायांचेच फोटो. म्हणजे भिंतीवर कुणाचा आजोबा असू शकत होता. प्रदर्शन जर्मनी-ऑस्ट्रियात गावोगाव फिरलं, म्युनिकमध्ये नवनाझींनी मोर्चा काढला, १९९७ मध्ये संसदेत चर्चा झाली, १९९९ मध्ये सारब्रुकेनला बॉम्ब फोडला गेला, तरी ते चालूच राहिलं. थांबलं ते दुसऱ्याच कारणाने. बोगदान मुसियाल आणि क्रिस्तियान उंगवारी या दोन इतिहासकारांनी दाखवून दिलं की काही फोटोंच्या ओळी चुकल्यात, काहींत दिसणारी प्रेतं तर सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारलेल्यांची आहेत. रेम्त्स्मांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रदर्शन थांबवलं आणि इतिहासकारांची समिती बसवली. समितीने वर्षभराने सांगितलं की १,४०० हून जास्त फोटोंपैकी वीसहूनही कमी चुकीचे, मूळ म्हणणं बरोबर, पण मांडणीत बेफिकिरी आणि सरसकटपणा आहे. नवं, जास्त कागदपत्रांवर उभं केलेलं प्रदर्शन २००१ मध्ये बर्लिनला उघडलं.

याला 'जर्मन शूर, अमेरिकन भित्रे' असं वाचू नये. मूळ प्रदर्शनाचे प्रमुख हान्नेस हेर यांनाही बाजूला केलंच गेलं, म्हणजे बळी दोन्हीकडे गेला. पण पैसा खाजगी असल्यामुळे संसद ओरडू शकत होती, बंद करू शकत नव्हती, आणि मोर्चेवाल्यांचं ऐकलं नाही तरी चुका दाखवणाऱ्यांसाठी एक रस्ता तयार केला गेला: थांबा, तपासा, अहवाल द्या, परत उघडा.

कॅनडाचं प्रकरण मधलं. ओटावाचं कॅनेडियन वॉर म्युझियम २००५ मध्ये नव्या इमारतीत उघडलं, त्यात जर्मन शहरांवरच्या बॉम्बहल्ल्यांबद्दल एक छोटी पाटी, साठेक शब्दांची, की या हल्ल्यांची उपयुक्तता आणि नैतिकता यावर आजही कडवे मतभेद आहेत, सहा लाख जर्मन मेले आणि पन्नास लाखांवर बेघर झाले. बॉम्बर विमानांतले कॅनडाचे जुने सैनिक खवळले. म्युझियमने चार नावाजलेल्या इतिहासकारांना विचारलं. चौघांनी तथ्यं बरोबर म्हटली, सूर आणि मांडणीवर मात्र मतं फुटली. मग सिनेटची उपसमिती बसली, तिने सांगितलं की हे तुम्ही सैनिकांशी बोलून मिटवा. मिटलं ते असं की २००७ मध्ये साठ शब्दांच्या जागी दोनशेच्या आसपास शब्द आले, सैनिकांच्या बाजूचं बरंच काही आलं, आणि म्युझियमचे संचालक त्याआधीच पायउतार झाले होते. पाटी राहिली, धार गेली. काही इतिहासकारांना ही शरणागती वाटते. मला ती वॉशिंग्टनपेक्षा बरी वाटते, कारण निदान वाचणाऱ्याला भिंतीवर वाद आहे हे कळतं.

आणि जपान? तिथे हे सगळं सोपं असेल असा एक समज असतो, की हिरोशिमा म्हणजे बळी, बळींचं म्युझियम, भांडण कशाला. तसं अजिबात नाही. हिरोशिमाचं पीस मेमोरियल म्युझियम १९५५ चं, शहराने चालवलेलं, आणि वर्षानुवर्षं त्यात गोष्ट सव्वाआठच्या क्षणापासून सुरू व्हायची. हे शहर १८९४ च्या चीन युद्धापासून लष्कराचा मोठा तळ होतं, इथून फौजा आशियात गेल्या, हे १९९४ मध्ये पूर्वेच्या नव्या इमारतीत नीट मांडलं गेलं, ते पण शहरातल्याच लोकांनी आणि शांतता गटांनी रेटा लावला म्हणून. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये मसुदे कापले जात होते त्याच वर्षी हिरोशिमात स्वतःच्या बाजूचं गैरसोयीचं पान भिंतीवर चढत होतं. बॉम्बमध्ये मेलेल्या कोरियन लोकांचं स्मारक १९७० मध्ये पीस पार्कच्या बाहेर उभं राहिलं आणि आत यायला १९९९ उजाडलं. उलटा प्रवास पण झालाय: ओसाकाच्या पीस ओसाका म्युझियममधून जपानी आक्रमणाचा भाग स्थानिक राजकारण्यांच्या दबावाने काढला आणि २०१५ मध्ये ते नव्या रूपात उघडलं. दार तिथेही नगरपालिकेचंच, कधी त्यातून नागरिक आत येतात, कधी नगरसेवक.

या सगळ्यात देशोदेशी या धंद्याची मुळं वेगळी असल्याचा पण हात आहे असं मला वाटतं. अमेरिकेत पब्लिक हिस्टरी हा विषय १९७६ मध्ये सांता बार्बराच्या विद्यापीठात रॉबर्ट केली यांनी सुरू केला तो इतिहासातल्या पदवीधरांना विद्यापीठाबाहेर नोकऱ्या मिळाव्यात म्हणून, म्हणजे इतिहासकार हा कुठल्यातरी संस्थेचा तज्ज्ञ नोकर. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये कार्यशाळांची परंपरा, कामगार, शिक्षक, मोहल्ल्यातले लोक आपल्याच भागाचा इतिहास खणतायत. पहिल्या प्रकारात इतिहासकार संहिता लिहितो आणि मग लोकांना दाखवतो. दुसऱ्यात लोक आधीपासून खोलीत असतात, भांडण होतंच, पण ते मसुदा छापून झाल्यावर होत नाही. एनोला गेचे जुने सैनिक १९८४ पासून विमानाजवळ होते, मजकुराजवळ मात्र त्यांना १९९३-९४ मध्ये आणलं, ते पण तपासायला, लिहायला नाही. आणि हिरोशिमाचे वाचलेले लोक तर त्या टेबलावर कधी आलेच नाहीत, त्यांच्या वस्तू येणार होत्या फक्त.

मग करायला काय हवं होतं? मला विचाराल तर सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे वर्ष बदलायचं. पन्नासाव्या वर्षी विमान आणि सैनिकांच्या मुलाखती, आणि बॉम्बचा निर्णय, परिणाम, डबा हे सगळं त्याआधी किंवा नंतर, वेगळ्या नावाने, वेगळ्या पैशाने. हे बोलणं पळपुटेपणाचं वाटेल काहींना, पण स्मरणदिनाला आलेला ऐंशीकडे झुकलेला माणूस आणि शाळेची सहल यांच्यासाठी एकच भिंत लिहायची हट्टाची गरज नव्हती. दुसरं म्हणजे ६३,००० सारखी पाटी सैनिक आणि इतिहासकार यांना एकत्र बसवून त्यांच्याच सहीने लिहून घ्यायची, दोन आकडे दोन कारणं. झालं असतं का? कदाचित नाही. पण मोडलं असतं तरी ते टेबलावर मोडलं असतं, सिनेटमध्ये नाही.

डिसेंबर २००३ पासून अख्खं जोडलेलं एनोला गे डलेस विमानतळाजवळच्या उडवार-हेझी केंद्रात आहे. उघडायच्या वेळी इतिहासकारांनी अर्ज केला की निदान मृतांचा आकडा तरी लिहा. संचालक होते निवृत्त मरीन जनरल जॉन डेली, त्यांनी नकार दिला, म्हणाले बाकी विमानांच्या पाट्या जशा तशीच हिची. म्हणजे बनावट, पल्ला, आणि हिरोशिमावर पहिला अणुबॉम्ब टाकला एवढा उल्लेख. उद्घाटनालाच कुणीतरी लाल रंगाची बरणी फेकून पत्र्याला पोचा पाडला.

मार्च २०२५ मध्ये या विमानाच्या नावातल्या 'गे' मुळे पेंटागॉनच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या, 'विविधतेचा मजकूर' म्हणून काढायच्या फोटोंच्या यादीत त्याचे फोटो पण आले होते, हसावं की रडावं कळत नाही. त्याच महिन्यात स्मिथसोनियनमधल्या मजकुराला उद्देशून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, आणि ऑगस्टमध्ये व्हाइट हाउसने पत्र पाठवून आठ म्युझियमचा आढावा घ्यायचं ठरवलं, त्यात एअर अँड स्पेस पण आहे. मागितलंय काय, तर भिंतीवरचा मजकूर, वेबसाइटवरचा मजकूर, पुढच्या प्रदर्शनांचे बेत. १९९४ मध्ये निदान एका मासिकाला लेख लिहावा लागला होता, लोकांना चिडवावं लागलं होतं, सिनेटचा ठराव आणावा लागला होता. आता मधले एवढे टप्पे लागत नाहीत, मसुदा थेट वरूनच मागवता येतो.